जिल्ह्यातलं सगळ्यांत देखणं कॉलेज

सांगलीहून धाराशिव जिल्ह्यात लोक जातात ते तुळजापूरला. देवीची ओटी भरतात, कवड्यांची माळ घेतात आणि त्याच दिवशी परततात. मीही आजवर एवढंच केलं होतं. गेल्या फेब्रुवारीच्या शेवटी मात्र मी तिथं तीन दिवस हिंडले, आणि तेही तीन कॉलेजांची आवारं बघण्यासाठी. निघताना शेजारणीला सांगितलं तर तिला ती थट्टाच वाटली. "कॉलेजात बघण्यासारखं काय असतं हो?" म्हणाली.

त्याचं असं झालं. तिकडच्या एका शिक्षणसंस्थेची जिल्ह्यात तीन महाविद्यालयं आहेत. संस्थेनं यंदा 'सुंदर परिसर' असा पुरस्कार ठेवला होता आणि परीक्षक बाहेरचे हवेत असं ठरवलं होतं. मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घरात सकाळी अकराच्या सुमाराला जी शांतता पसरते तिची मला अजून सवय झालेली नाही. म्हणून पत्र आल्यावर फार विचार न करता हो म्हटलं. दुसरे परीक्षक सोलापूरचे महाजन, सत्तरी ओलांडलेले वास्तुविशारद. आमची आधीची ओळख नव्हती.

संस्थेचं नाव मी इथं लिहीत नाही. तिसरं कॉलेज ज्या गावच्या माळावर आहे, त्या गावाचंही नाही.

धाराशिव

सोलापुरात बस बदलली, तिथंच महाजन भेटले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात इन्शुलिनची डबी. बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, तुम्ही झाडांना गुण द्या, मी भिंतींना देतो. भांडण नको."

धाराशिवच्या स्टँडवर आम्हाला घ्यायला प्रा. गव्हाणे आले होते. पस्तिशीचे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. मराठी शिकवतात, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितके पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. संस्थेनं तीन दिवस त्यांना आमच्या दिमतीला दिलं होतं. गाडीही तेच चालवत होते.

धाराशिवचं कॉलेज हे संस्थेचं मुख्य कॉलेज. दर्शनी भागाला निळी काच, आत शिरताच कारंजं, दोन्ही बाजूंना बाटलीपाम, आणि सगळीकडे लाल-करड्या फरशांचं पेव्हिंग. फेब्रुवारीतच ऊन असं तापलं होतं की त्या फरशांवरून चालताना खालूनही झळ येत होती. एका कोपऱ्यात हिरवंगार गवत दिसलं म्हणून मी आनंदानं वळले. हात लावून पाहिलं तर प्लास्टिकचं. त्यावर मोठी इंग्रजी अक्षरं उभी केलेली, मुलांनी फोटो काढावेत म्हणून.

"सेल्फी पॉइंट," गव्हाणे म्हणाले. ते नजर चुकवत होते असं मला वाटलं.

कारंज्याभोवती कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. शेवंती, झेंडू, पिटुनिया, सगळी फुललेली. पण एकाही कुंडीखाली पाण्याचा डाग नव्हता. मी विचारलं तेव्हा कळलं की कुंड्या कालच सोलापूरच्या रोपवाटिकेतून भाड्यानं आल्या होत्या. आम्ही गेलो की त्याही जाणार होत्या.

मला सर्वांत जास्त आठवतं ते वेगळंच. दुपारच्या सुट्टीत शेकडो मुलंमुली वर्गांतून बाहेर आली आणि कुठं बसावं ते न कळून जिन्यावर, पार्किंगमध्ये, गाड्यांच्या सीटवर टेकली. दोन मुली प्लास्टिकच्या गवतावर डबा उघडून बसल्या तर सुरक्षारक्षकानं शिट्टी वाजवली. मुली निमूट उठल्या, डब्याची झाकणं लावली आणि निघून गेल्या. आमच्या सांगलीच्या कॉलेजात वडाखाली पार होता. मुलं तिथं तास बुडवून बसायची आणि मी त्यांच्यावर ओरडायची. त्या पारावर कधी शिट्टी वाजली नाही.

महाजनांनी इमारत खालपासून वरपर्यंत बघितली. "पश्चिमेला काच," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "वरच्या मजल्यावर मुलं भाजून निघत असतील."

तेर

संस्थेनं जेवणाची सोय हॉटेलात केली होती, पण गव्हाण्यांनी आग्रह धरला की त्यांच्या घरी, तेरला यावं. तेरणा नदीकाठचं हे मोठं गाव फार जुनं आहे. कधीकाळी इथला माल परदेशात जायचा म्हणे, आणि इथं सापडलेल्या वस्तू संग्रहालयात मांडून ठेवल्या आहेत. आम्ही वाटेत ते बघितलं. हस्तिदंत, मणी, मातीची खेळणी. नदीत मात्र पाणी नव्हतं, वेडी बाभूळ होती.

गव्हाण्यांची आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. आम्हाला बघून उठली, हात पुसले, पाणी आणि गुळाचा खडा पुढं केला. आमच्याकडं आता पाहुण्याला गूळ कोणी देत नाही, सरळ चहा टाकतात. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, कच्चा कांदा. येसर म्हणजे धान्यं भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ. घरात भाजी नसली की त्याची आमटी होते. इतकं साधं आणि इतकं चवीचं मी फार दिवसांत खाल्लं नव्हतं. महाजनांनी पथ्य विसरून तिसरी भाकरी घेतली.

"कशापायी आलाव बाई इतक्या लांब?" आईनं विचारलं.

"कॉलेजं बघायला. कुठलं सुंदर आहे ते ठरवायला."

"बगायला व्हय?" ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "आमचा बी कॉलेजात हाय. धा वर्सं झाली. लोकं इचारतेत, पोरगा काय करतो? म्या सांगते, प्रोफेसर हाय. मंग इचारतेत, परमनंट हाय का? तितं गाडी थांबती. लगीन जमंना झालंय."

"आई, राहू दे ना," गव्हाणे म्हणाले.

"राहू दे तर राहू दे. म्या काय खोटं बोलले का?"

बाहेर ओसरीवर शेळी बांधली होती, तिच्या गळ्यातली घंटी अधूनमधून वाजत होती. निघताना आईनं माझ्या हातात चिंचेच्या गोळ्याची पुडी ठेवली. म्हणाली, "तुमी मोठी माणसं. वर कुटं वळख आसंल तर पोराचं नाव सांगा." माझी वर कुठंच ओळख नाही हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी नुसती मान हलवली.

अणदूरच्या पुढं

दुसऱ्या दिवशी तुळजापूरवरून अणदूरकडं निघालो. घाट उतरताना माळावर पळस फुलले होते; पान एक नाही, नुसती केशरी फुलं. मला गाडी थांबवावीशी वाटली, पण दहा वाजता कॉलेजात पोहोचायचं होतं. अणदूरला खंडोबाचं देऊळ आहे. गव्हाण्यांनी आम्हाला तिथं नेलं, कपाळाला भंडारा लावला आणि पुढं महामार्गावर काढलं.

दुसरं कॉलेज त्या महामार्गाला लागूनच आहे. सोलापूर-हैदराबाद रस्ता रुंद झाला तेव्हा कॉलेजची पुढची बाजू त्यात गेली. फाटकाच्या जागी आता सर्व्हिस रोड आहे. रस्त्याकडेला वडाचे प्रचंड बुंधे उरलेत, जमिनीपासून गुडघाभर. मुलं त्यांवर बसून बसची वाट बघतात. एका बुंध्यावर मी हात ठेवला. कडेनं कोवळी फूट आली होती आणि कुणीतरी ती खुडून टाकली होती.

"फुटू देत न्हायत का?" मी गव्हाण्यांच्याच बोलीत विचारलं.

"मुलांना टोचतंय म्हणून काढतेत मॅडम. बसायला दुसरं काय नाय."

आत निलगिरीच्या दोन रांगा आणि अर्धवट बांधलेली दुमजली इमारत. वरच्या मजल्याच्या सळया तशाच आभाळाकडं तोंड करून गंजत होत्या. वर्ग चालू होते, पण शिकवणाऱ्याचा आवाज दर मिनिटाला ट्रकच्या हॉर्नमध्ये बुडायचा. तो थांबायचा, ट्रक गेला की पुन्हा सुरू करायचा. मुलांना त्याची सवय झाली होती. ट्रक जाताना ती खाली बघत, गेला की वर. एका खिडकीतून मी बराच वेळ बघत राहिले. त्या वर्गात कुणी वाईट वागत नव्हतं, कुणी झोपलं नव्हतं. फक्त धडा पुढं सरकत नव्हता.

प्राचार्यांनी आमच्यासाठी नवी झाडं लावली होती. खड्ड्यांची माती ओली होती. वडाच्या रोपाला निलगिरीपासून चार हातांवर जागा दिलेली. निलगिरी त्याला पाणी मिळू देणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, पुरस्कार झाला की हलवू."

इथंच महाजनांचा पाय मुरगळला. सर्व्हिस रोडच्या गटारावरची फरशी सैल होती, ती तिरकी झाली आणि त्यांचा पाय आत गेला. दोन विद्यार्थ्यांनी त्यांना उचलून बाहेर काढलं, निलगिरीच्या सावलीत बसवलं. सावली कसली, रेषाच ती. घोटा टरारून सुजला. मला वाटलं आता हे सोलापूरला परत जाणार. पण त्यांनी पायाला फडकं बांधून घेतलं आणि म्हणाले, "तिसरंही बघू. दोन बघून निकाल कसा देणार?"

परंड्याकडं

तिसऱ्या दिवशी बार्शीवरून परंड्याला जाताना गव्हाणे अगदी गप्प होते. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून पडलेली, रानं उघडी. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस येईल असं नव्हे, नुसतं मळकट. बार्शी मागं पडल्यावर त्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं.

"मॅडम, एक बोलू का? चुकीचं वाटलं तर सोडून द्या."

"बोला की."

"तिन्हीतलं एक कॉलेज पुढच्या वर्षी बंद होणार असं चाललंय. मुलं कमी झालीत, खर्च झेपंना. सगळे म्हणतेत, ज्याला पहिला नंबर मिळंल ते वाचंल. बक्षीस मिळालेलं कॉलेज कोण बंद करंल? मी तुम्हाला काय करा म्हणत नाय. पण परंड्याचं नीट बघा. माझे निम्मे तास तिथंच हायत, हे पण सांगून टाकतो. नंतर कळून तुम्हाला वाईट वाटायला नको."

महाजन ताठ झाले. "गव्हाणे, हे तुम्ही आम्हाला सांगायला नको होतं."

"बरोबर हाय सर."

"आम्ही बघू ते लिहू. कमी नाही, जास्त नाही."

"तेवढंच करा सर," गव्हाणे म्हणाले. परंड्याच्या किल्ल्याची काळी तटबंदी दिसली, तिला वळसा घालून गाडी आत एका कच्च्या रस्त्याला लागली.

मी मनाशी ठरवत होते की या माणसाची दया येऊन काही लिहायचं नाही. त्याची गरज पडली नाही. माळ चढून गाडी वर आली आणि समोर झाडी दिसली. एवढ्या उघड्या, खडकाळ रानात एकाच जागी दाट झाडी. कडुनिंब, चिंच, करंज, शिरीष, बहावा, अंजन, कांचन. वर्षातले हे सर्वांत वाईट दिवस. निंबांची पानं झडत होती, करंज उघडे पडले होते, बहाव्याला नुसत्या काळ्या शेंगा. फुलायच्या दिवसांत ते कसं दिसत असेल याचाच मी विचार करत राहिले. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या आणि तेवढाच काय तो आवाज होता.

इमारत बैठी, काळ्या दगडाची, पुढं रुंद ओटा. महाजन लंगडत ओट्यापर्यंत गेले आणि खांबाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "याला कुणी वास्तुविशारद नव्हता. बरं झालं."

प्रभारी प्राचार्य शिंदेबाई बाहेर आल्या. हातात खडू होता; वर्ग सोडून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की पहिल्या प्राचार्यांनी एक रीत घातली होती. प्रवेश घेतला की मुलानं एक झाड लावायचं, शिकतोय तोवर जगवायचं. माळावर पहार चालत नव्हती. सुरुंग लावून खड्डे केले, तळ्यातली माती बैलगाडीनं आणून भरली. उन्हाळ्यात मुलं घरून येताना कळशी घेऊन यायची. ते प्राचार्य आता नाहीत. रीत अजून चालू आहे.

"पाणी कुठून आणता?" मी विचारलं.

"टँकर येतो. गावाचा. गाव आधी आम्हाला देतं, मग देवळाला."

छपराचे पत्रे एका खोलीत गळतात म्हणून त्या खोलीचा वर्ग निंबाखाली भरतो. आम्ही गेलो तेव्हाही भरला होता. दगडाच्या पायऱ्या अर्धगोलात मांडलेल्या, मुलं त्यावर बसलेली, फळा झाडाच्या बुंध्याला टेकवलेला. शिंदेबाई परत जाऊन शिकवू लागल्या. वरून पानं पडत होती, वह्यांवर, केसांवर. मुली ती न बघताच झटकत होत्या.

तास संपल्यावर एक मुलगी माझ्यामागं आली. मुबीना तिचं नाव, दुसऱ्या वर्षाला होती. मी झाडांना हात लावून बघत होते ते तिनं पाहिलं होतं.

"मॅडम, तुम्हाला माझं झाड दाखवू?"

तिचं झाड कांचनाचं. छातीभर उंच, बाजूला काट्यांचं कुंपण. शेंड्याला दोन कळ्या आल्या होत्या. "ह्यो पहिलाच बार," ती म्हणाली. मग मला हात करून माळाखालचं एक शेत दाखवलं. लांबवर कांद्याच्या वाफ्यात एक माणूस वाकलेला दिसत होता.

"माझे अब्बा. तिथून कॉलेज दिसतंय, म्हणून मला पाठवतेत. माझ्या बहिणीला नाय पाठवलं. ती बारावीत माझ्यापेक्षा हुशार होती. पण तवा आमचं रान दुसरीकडं होतं."

मी विचारलं, पुढं काय शिकणार. तिनं बोटानं ओढणीचं टोक गुंडाळलं. "बीएड करीन म्हणते. शिंदे मॅडमसारखं खडू घेऊन हिंडायचं." आणि एकदम हसली, तोंडावर हात घेऊन.

निघताना तिनं माझा नंबर मागितला. झाडांची शास्त्रीय नावं पाठवा म्हणाली. पाट्या लावायच्या होत्या तिला.

परतीच्या वाटेवर महाजनांनीच आधी तोंड उघडलं. "गव्हाणे, तुम्ही सकाळी काही बोलला नसता तरी हेच झालं असतं."

बार्शीत गव्हाण्यांनी गाडी थांबवली आणि आम्हाला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

धाराशिव, पुन्हा

घरी येऊन मी चार दिवस निकालपत्र लिहीत होते. इतकं मन लावून मी माझा प्रबंधही लिहिला नव्हता. एकेका झाडाचं नाव, वय, छायेचा घेर. इमारतीबद्दल महाजनांनी लिहिलं. त्यांचं एक वाक्य मला पाठ झालंय: या आवारात पाऊल टाकताच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, आणि इथून जाऊ नये असं वाटतं.

एप्रिलमध्ये बक्षीस समारंभ झाला. परंड्याला पहिलं बक्षीस. शिंदेबाई व्यासपीठावर आल्या तेव्हा मागच्या रांगांतल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की सूत्रसंचालकाला थांबावं लागलं. मुबीना त्यांत नव्हती. एवढ्या लांब यायला घरून परवानगी मिळाली नव्हती. गव्हाणे दाराशी उभे राहून डोळे पुसत होते, आणि कुणी बघितलं की घाम पुसल्यासारखं करत होते.

समारंभानंतर संस्थेच्या सचिवांनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. पन्नाशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. कुंथलगिरीचे पेढे पुढं केले. "तुमच्या अहवालानं आमचे डोळे उघडले," म्हणाले. "आमच्याकडं एवढी देखणी जागा आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं."

मी मनापासून हसले.

"आता बघा," ते पुढं म्हणाले, "तिथं मुलं किती? शंभरसुद्धा भरत नाहीत. पगार भागत नाही, अनुदान नाही. त्यांना इथं मुख्य कॉलेजात सामावून घेऊ. आणि तिथं लॉन्स करू. मंगल कार्यालय. पुण्या-सोलापूरचे लोक हल्ली असंच शोधतात, झाडीतलं, निवांत. त्या उत्पन्नावर उरलेली दोन कॉलेजं जगतील."

मला आधी कळलंच नाही. महाजनांना कळलं. त्यांनी हातातला पेढा बशीत ठेवला.

"आम्ही कॉलेज म्हणून पहिलं बक्षीस दिलंय," ते म्हणाले.

"जागेला दिलंय, सर. विषयच परिसराचा होता."

"ती झाडं त्या मुलांनी लावली आहेत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "कळशीनं पाणी घालून. आणि त्यातल्या कित्येक मुली इथं, धाराशिवला येणार नाहीत. त्यांना घरून सोडणार नाहीत. तुम्हाला हे ठाऊक आहे."

वाईट माणूस वाटला नाही मला. वाटला असता तर बरं झालं असतं. "ठाऊक आहे मॅडम," म्हणाले. "पण एक तरी बंद करावंच लागणार होतं. महामार्गावरचं बंद करून मला काय मिळणार? तिथं कोण लग्न करेल?" मग छातीवर हात ठेवला. "झाडाला हात लावू देणार नाही. एकालाही. शब्द देतो."

आम्हाला शाली दिल्या होत्या. महाजनांनी त्यांची शाल घडी न मोडता त्याच खुर्चीवर ठेवली. मी माझी घेतली. का घेतली ते सांगता येत नाही. हातात होती, घेऊन उठले.

बाहेर गव्हाणे गाडीपाशी उभे होते. आम्ही सांगितलं. त्यांनी दोनदा मान हलवली, जणू आम्ही कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाबद्दल सांगत होतो. "म्हणजे माझे तास गेले," म्हणाले, आणि लगेच, "मुलांचं बघायला पाहिजे." मग त्यांनी आमच्यासाठी दार उघडलं.

सोलापूरच्या बसमध्ये महाजन खिडकीकडं तोंड करून बसले होते. तुळजापूरचा घाट गेल्यावर म्हणाले, "बाई, आपण वाईट लिहिलं असतं तर वाईट आहे म्हणून बंद केलं असतं."

"हो," मी म्हणाले. खरंच होतं ते. आम्हा दोघांनाही त्याचा काही उपयोग नव्हता.

त्यानंतर

शिंदेबाईंनी सह्यांचा अर्ज दिला, गावानं एक दिवस रस्ता अडवला, आम्ही दोघांनी विद्यापीठाला लिहिलं. जूनमध्ये वर्ग हलवले गेले. शिंदेबाई आता रोज बार्शीवरून धाराशिवला जातात-येतात. गव्हाण्यांना निम्मेच तास उरले. ते सकाळी शिकवतात आणि दुपारी तेरला एका कृषी सेवा केंद्रात बसतात. फोनवर एकदा म्हणाले, आई आता कुणी विचारलं तर दुकानाचंच सांगते, ते लोकांना लगेच कळतं. सचिवांनी शब्द पाळला. झाडं सगळी आहेत. त्यांना आता ठिबक केलंय, आणि ती पूर्वीपेक्षा तजेलदार आहेत असं महाजन सांगतात. त्यांना तिथल्या एका लग्नाचं आमंत्रण आलं होतं. ते गेले नाहीत. त्यांच्या सुनेनं फोटो आणले.

मुबीनाला मी झाडांची नावं मार्चमध्येच पाठवली होती. पाट्या लावल्या का, ते तिनं कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही. दिवाळीनंतर तिचाच फोन आला. आवाज बारीक, घरातल्यांना ऐकू जाऊ नये तसा.

"मॅडम, मी आता घरीच असते."

"धाराशिवला नाही गेलीस?"

"अब्बांनी एक डाव नेलं होतं बघायला. त्यांना पटलं नाय. लई गर्दी म्हणाले. बसायला कुठं जागाच नाय." मग म्हणाली, "बहीण म्हणाली, बरं झालं, मला सोबत झाली."

मी मुक्त विद्यापीठाचं सांगितलं, घरी बसून परीक्षा देता येते हे सांगितलं, मी फी भरीन, पुस्तकं पाठवीन म्हणाले, अब्बांशी बोलू का विचारलं. ती प्रत्येकाला हां मॅडम, हां मॅडम म्हणत गेली. ती ऐकत होती की नुसतीच मला बोलू देत होती, ते मला कळलं नाही. शेवटी माझंही बोलणं संपलं.

"मॅडम," तिनं विचारलं, "तुमच्या सांगलीच्या कॉलेजात झाडं हायत का?"

"आहेत. पुष्कळ आहेत."

"मुली बसतेत का खाली?"

"बसतात," मी म्हणाले.